सुजीतचं भलं होवो, पण

शोभनाला लोकांची लग्नं जमवायचा भारी सोस. एका बाजूला सिमेंटचे कारखाने, दुसऱ्या बाजूला बोडके डोंगर आणि मधे खारट वारा, अशा रास अल खैमात वीस वर्षं काढलेल्या बाईला कसला तरी सोस हवाच. नवरा मधुकर टाइल्सच्या कारखान्यात भट्टी सांभाळायचा, घरी आला की टीव्ही लावायचा आणि टाइलइतकंच बोलायचा. एकुलता एक शार्दूल नोकरीसाठी दुबईला. मग शोभनाने शारजापासून अबूधाबीपर्यंतच्या मराठी घरांतल्या लग्नाळू पोरापोरींची खबर ठेवायला सुरुवात केली, आणि तिच्या हातून काही लग्नं खरोखरच लागली. त्यातली एक जोडी तर अजूनही तिच्याशी बोलते, असं मधुकर म्हणायचा.

घरच्या शार्दूलचं घोडं मात्र अडलं होतं. तिशी ओलांडलेली, जुमेरा लेक टॉवर्समध्ये चांगलं ऑफिस, दिसायला बापावर गेला असला तरी बरा. मुलीचा विषय काढला की म्हणायचा, "आई, नॉट नाऊ." एवढं सोडलं तर त्याच्याबद्दल तक्रार नव्हती. दुबई मरीनाच्या फ्लॅटमध्ये तो सुजीत रामटेके नावाच्या नागपूरच्या मुलाबरोबर राहायचा आणि शोभनाला त्याचंच मोठं समाधान होतं. लग्नाआधी मुलीबरोबर राहिले म्हणून इथे काहींच्या मुलांची प्रकरणं पोलिसांपर्यंत गेली होती. आपला मुलगा मुलाबरोबर राहतो, तोही एका बेडरूममध्ये भागवून, म्हणजे किती काटकसरी, असं ती महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना ऐकवत असे.

दर शुक्रवारी दोघं जेवायला यायचे. शार्दूल सोफ्यावर आडवा व्हायचा आणि सुजीत सरळ स्वयंपाकघरात येऊन लसूण सोलायला बसायचा. बोलका, हसरा, काकू काकू करणारा मुलगा. तो बौद्ध आहे हे शोभनाने पहिल्याच दिवशी आडनावावरून ओळखलं होतं. तिने त्याच्या पानात कधी काही कमी केलं नाही, आणि आपण कमी करत नाही याची आठवणही ती स्वतःला दर शुक्रवारी करून द्यायची.

मग ती मंदी आली. मरीनातल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या. मधुकरच्या कारखान्यात एक भट्टी थंड झाली, आणि २००९च्या जानेवारीत सुजीतच्या कंपनीने त्याला घरी बसवलं. नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की महिनाभरात दुसरी नोकरी धरायची, नाहीतर देश सोडायचा. शोभनाचा जीव कळवळला, आणि जीव कळवळला की तिला एकच उपाय सुचायचा.

शारजात कुंदा नावाची बाई होती. घर बौद्ध, मूळचं अकोल्याचं. तिच्या नवऱ्याची काँट्रॅक्टिंगची कंपनी अजून तग धरून होती आणि मुलगी शुभ्रा लग्नाची होती. म्हणजे सुजीतला नोकरीही मिळेल आणि बायकोही, शिवाय मुलगी 'त्यांच्यातलीच'. आपण जातीचा प्रश्न उठायच्या आधीच मिटवला, याचं शोभनाला इतकं कौतुक वाटलं की तिने ते दोनदा मधुकरला सांगितलं. पोरांना मात्र काही सांगितलं नाही. सांगितलं की पोरं पळतात, हा तिचा अनुभव.

शुक्रवारी अकराला मायलेकी येऊन बसल्या. पाठोपाठ पोरं आली. कांदेपोह्यांचा वास, खुर्च्यांची मांडणी आणि शुभ्राची नवी साडी बघून सुजीतचा चेहरा पांढरा पडला. शार्दूल तडक स्वयंपाकघरात आला.

"आई, तू सुजीतसाठी मुलगी बोलावलीस?"

"मग काय झालं? मुलगी किती छान आहे बघ. तिचे वडील उद्या व्हिसा—"

"आई, लिसन. त्याचं लग्न करू नकोस. आणि माझंही. वी आर टुगेदर. पाच वर्षं झाली. माझं प्रेम आहे त्याच्यावर."

शोभनाने गॅस बारीक केला. मग जाऊन स्वयंपाकघराची खिडकी लावली, कारण ही गोष्ट या देशात मोठ्याने बोलायची नाही, एवढं एकच तिला त्या क्षणी नीट कळलं. बाकी सगळ्याचा गोंधळ. शार्दूल परजातीची मुलगी घेऊन आला तर काय बोलायचं, हे तिने गेली कित्येक वर्षं मनात घोटून ठेवलं होतं. किती रडायचं, कुठल्या जातीपर्यंत मानायचं आणि कुठे अन्नपाणी सोडायचं, सगळं ठरलं होतं. त्यातलं एक अक्षर आता उपयोगाचं नव्हतं. सुजीतच्या जातीवर चिडावं की सुजीतवर, की आधी शार्दूलवर, हेच तिला उमजेना. आणि बाहेर पाहुणे बसलेले.

"पोहे गार होतील," ती म्हणाली, आणि बश्या घेऊन बाहेर गेली.

तो अर्धा तास ती पुढे कधीच विसरली नाही. तिने कुंदाला दोनदा साखर विचारली आणि चहा बिनसाखरेचाच दिला. शुभ्राला विचारलं, "स्वयंपाकाची आवड आहे का?" आणि उत्तर ऐकलंच नाही, कारण तिची नजर सुजीतच्या बशीवर होती. तो पोह्यांतले शेंगदाणे वेचत होता आणि न बघता शार्दूलच्या बशीत टाकत होता. शार्दूलही न बघता ते खात होता. दर शुक्रवारी हे असंच चालायचं. शोभनाने पाच वर्षं ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि सुजीतला दाणे बाधतात एवढाच अर्थ काढला होता. लग्नं जमवणारी म्हणून मिरवणारी बाई, आणि स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर काय जमलंय ते तिला दिसलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला.

निघताना कुंदा म्हणाली, "मुलगा सालस वाटला. कळवा मग." शोभनाने इन्शाल्ला म्हणून दार लावलं. पोरंही न जेवता गेली.

मधुकरला तिने सगळं सांगितलं तेव्हा त्याने टीव्ही बंद केला. लग्नानंतर असं पहिल्यांदाच झालं असावं.

"त्याला महिन्याची मुदत आहे ना?" तो म्हणाला. "नोकऱ्या कुठे आहेत आता? जाईल तो नागपूरला. खलास. आपण काही बोलायचंच नाही."

शोभनाला एकदम मोकळं वाटलं. खरंच, आपल्याला काही करायचंच नव्हतं. सगळं आपोआप होणार होतं. आणि ते मोकळं वाटणं ओसरल्यावर तिला कसंसंच झालं. लसूण सोलणाऱ्या त्या पोराची रोजीरोटी गेली, आणि आपण हुश्श म्हणतो आहोत.

पुढचे दोन शुक्रवार कुणी आलं नाही. तिने फोन केला तर शार्दूल म्हणाला, "त्याला घरात घेणार नसाल तर मी पण नाही येणार, आई. आय ॲम नॉट अँग्री. पण नाही येणार." रागावला असता तर तिने समजूत काढली असती. शांत माणसाची समजूत कशी काढायची?

सुजीतची आई सगुणा नागपूरच्या पोस्टातून रिटायर झालेली. मागे तिने सुजीतबरोबर सांडगी मिरची पाठवली होती, तेव्हाच्या आभाराच्या फोनमुळे नंबर होता. शोभनाने तो लावला. मनात असं की आईला आईचं दुःख कळेल, ती मुलाला दटावून परत बोलवेल, मग आपलं काम संपलं.

"सगुणाताई, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं ना, ताई. तीन वर्षं झाली."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"गप्प कुठली. पहिलं वर्षभर तर त्याच्याशी फक्त भांडूनच राहिली होती मी. याच्या बापाने काय काय सोसून याला शिकवलं, आणि हा असा निघाला, असं वाटायचं. विहारातल्या बायकांत मान वर करून बसवत नव्हतं."

"मग?"

"मग काही नाही. आमची सकाळची वंदना असते. ती झाली की ज्याचा राग येतो त्याचं नाव घेऊन त्याचं भलं चिंतायचं, अशी माझ्या सासूने लावलेली सवय. शेजारणीचं घ्यायची, पोस्टमास्तराचं घ्यायची. त्या वर्षी पोटच्या पोराचं घ्यावं लागलं. दात-ओठ खाऊन घ्यायची, ताई. पण रोज घ्यायची."

"आणि समजलं तुम्हाला सगळं?"

"नाही ना," सगुणा हसली. "अजून पुरतं नाही समजलं. पण तो घरी आला की मी जेवायला वाढते. तेवढ्यासाठी समजायची वाट नाही बघत."

तिच्याकडून मुलाला दटावण्याचा शब्दही निघाला नाही. फोन ठेवून शोभना चरफडली. हा काय उपाय झाला? गणपतीपुढे उदबत्ती लावून दोन हात जोडणं तिला ठाऊक होतं, पण राग आलेल्या माणसाचं भलं मागायचं म्हणजे उगाच नसतं लचांड. तरी दुसऱ्या दिवशी डाळीला फोडणी घालताना तिने करून बघितलं. म्हणाली, "सुजीतचं भलं होवो." आणि तिथेच अडकली. त्याचं भलं म्हणजे काय? त्याला नोकरी मिळणं. नोकरी मिळाली की तो इथेच राहणार, त्या एका बेडरूममध्ये. तसं तर तिला नको होतं. डाळ तळाला लागायला आली तेव्हा तिने वाक्य पुरं केलं.

"सुजीतचं भलं होवो, पण नागपुरात."

हे तिला जमलं. रोज ती हेच म्हणायला लागली. देवाची काही हरकत दिसत नव्हती. पण भलं चिंतायचं म्हणजे माणूस डोळ्यांपुढे आणावा लागतो, आणि सुजीत डोळ्यांपुढे आला की लसूण घेऊन बसायचा, काकू, आज भाजी काय म्हणून विचारायचा. आणि त्याच्या पाठोपाठ शार्दूल यायचा, सोफ्यावर लोळत, पोटभर हसत. शार्दूल इतका हसतो तो कुणामुळे, हा प्रश्न तिला फोडणीच्या वेळी नको होता. तरी तो यायचाच.

नोकरी नाहीच मिळाली. शार्दूलने फोनवर एवढंच सांगितलं, "शुक्रवारी दुपारी फ्लाइट आहे त्याची."

गुरुवारी संध्याकाळी शोभनाने दुधाला विरजण लावलं. मधुकरने विचारलं, "दही कशाला?"

"उद्या मरीनाला जायचंय."

मधुकरला कळलं. त्या घरातून कुणीही लांब निघालं की शोभना त्याच्या तळहातावर चमचाभर दही घालायची. शार्दूल कॉलेजला पुण्याला निघाला तेव्हा घातलं, मधुकर भारतात जाताना दर वेळी घालायची. पाहुण्यांना कधी नाही. ते घरच्यांसाठी, त्यांनी परत यावं म्हणून.

"तू त्याला दही देणार?"

"मला माहीत नाही," शोभना म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. "लावून तर ठेवलंय."

सकाळी मधुकरने गाडी काढली. सव्वा तासाचा रस्ता होता. मरीनाला पोचल्यावर म्हणाला, "मी खालीच थांबतो."

दार सुजीतने उघडलं. मागे दोन बॅगा बांधून ठेवलेल्या आणि शार्दूल खिडकीशी पाठमोरा. शोभनाने ते घर पूर्वीही पाहिलं होतं, पण काटकसर म्हणून पाहिलं होतं. आज तिला दिसलं की हा संसार आहे. एकाचा टॉवेल दुसऱ्याच्या खुर्चीवर, तिनेच दिलेली लोणच्याची बरणी, कपाटाचा रिकामा अर्धा भाग. आपल्या मुलाचा संसार मोडतोय, हे तिला लख्ख कळलं. बाकीचं कळलं नाही ते नाहीच कळलं.

"हात पुढे कर," ती सुजीतला म्हणाली. त्याने डावा केला. "उजवा रे."

तिने दही घातलं. त्याने ते खाल्लं, आणि हात तोंडाशी तसाच धरून तो रडायला लागला. "जातो, काकू," म्हणाला.

"जातो म्हणत नाहीत. येतो म्हण."

"येतो."

शार्दूलने तेव्हा कुठे तोंड वळवलं. तो आईच्या खांद्यावर डोकं टेकून उभा राहिला, लहानपणी शाळेतून आल्यावर राहायचा तसा.

खाली टॅक्सी बोलवायची म्हणून शार्दूलने फोन काढला तर मधुकर डिकी उघडून उभा. "टॅक्सी कशाला? यल्ला, चला, सामान आणा," तो दुसरीकडे बघत म्हणाला. बॅगा ठेवून झाल्यावर त्याने सुजीतला विचारलं, "पासपोर्ट घेतलास?" आजवर हे तो फक्त शार्दूललाच विचारत आला होता.

विमानतळावर सुजीत काचेच्या दारातून आत गेला. शार्दूल तो दिसेनासा होईपर्यंत उभा होता, आणि नंतरही उभाच होता. त्याला सुजीतला जवळ घेता आलं नव्हतं, आता रडता येत नव्हतं. भोवती सगळी आपापल्या माणसांना मिठ्या मारणारी गर्दी. शोभना त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. आज फोडणीच्या वेळचं म्हणणं राहून गेलं होतं, ते आठवून तिने तिथेच डोळे मिटले.

"सुजीतचं भलं होवो," ती मनात म्हणाली, आणि सवयीने पुढचा शब्द आलाच. "पण इथे."