एकाने जरी हात वर केला असता

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मी ओहायोतल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या एका लहानशा कॉलेजात पाहिलं. माणसं साधी, देवभोळी. युद्धाला त्यांचा विरोध, खोटं बोलणं पाप आणि आवाज चढवणं बहुतेक त्याहून मोठं पाप. मी तिथे माजी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात होते. कोणाचं लग्न झालं, कोण मिशनच्या कामाला आफ्रिकेत गेलं, असं सगळं टाइप करून दर तीन महिन्यांनी पत्रिका काढायची. ही नोकरी मला हेमचंद्रकाकांनी मिळवून दिली होती.

काका मूळ अमरावतीचे. एकोणीस वर्षं त्या कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. तिथली पोरं प्रोफेसरांनाही पहिल्या नावाने हाक मारतात. ‘हेम’ ऐकायची सवय व्हायला काकांना दोन वर्षं लागली म्हणे. लग्न केलं नव्हतं. रविवारी आम्हा चार-पाच भारतीयांना घरी बोलावून पिठलं खायला घालायचे आणि वर ‘मीठ कमी पडलंय ना, खरं सांगा’ म्हणून पिच्छा पुरवायचे.

१९८६च्या मार्चमध्ये प्रेसिडेंटने फिजिक्स बंद करायचा प्रस्ताव आणला. विद्यार्थी कमी झाले होते, ते खरं. पण काका सत्तावन्न वर्षांचे. नोकरी गेली की कॉलेजने दिलेलं घरही जाणार, आणि त्या वयात त्यांना दुसरीकडे कोण घेणार होतं?

तिथे मतदान नसतं. सफाईवाल्यापासून प्रेसिडेंटपर्यंत सगळा स्टाफ गोल करून बसतो. प्रस्ताव वाचतात आणि मग दोन मिनिटं शांतता. कोणी हात वर करून हरकत घेतली, तर विषय पुढच्या वर्षावर जातो. कोणीच नाही बोललं, तर सगळ्यांची संमती धरतात. ज्याचा विषय असेल त्याने स्वतः बोलायचं नाही, हीही तिथली रीत. म्हणजे काकांना फक्त एक माणूस हवा होता.

तो होताही. केमिस्ट्रीचा व्हर्लिन श्रॉक, पंधरा वर्षांचा दोस्त. याच्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी काकांनी महिनाभर याचे क्लास घेतले होते. मीटिंगच्या आदल्या दिवशी माझ्या टेबलापाशी उभा राहून काकांना म्हणाला, "हेम, तू निश्चिंत राहा. मी बोलतो." माझ्या कानांनी ऐकलंय मी.

दुसऱ्या दिवशी शांतता सुरू झाली आणि हा मूग गिळून बसला. आपले बूट न्याहाळतोय. मी त्याच्यावरून नजर हलवली नाही. डोक्यात नुसती तिडीक जात होती, अरे बोल की माणसा. दोन मिनिटं संपली. प्रेसिडेंटने मान लववली आणि सगळे उभे राहून, पेटी नाही की काही नाही, चार वेगवेगळ्या सुरांत प्रार्थना गायला लागले. व्हर्लिन खर्जात गात होता, आणि मेला अगदी सुरात गात होता. मला रडू आवरेना.

पत्रिकेत ती बातमी टाइप करायची पाळी माझ्यावरच आली. ‘हेम आनंदाने निवृत्त होत आहेत’ असं प्रेसिडेंटने लिहून पाठवलं होतं. काका मजकूर बघायला आले, तशी मी व्हर्लिनच्या नावाने खडे फोडायला लागले. ढोंगी, भित्रा, दगाबाज, तोंडाला येईल ते बोलले. माझ्या ग्रीन कार्डचे कागद त्याच महिन्यात प्रेसिडेंटच्या सहीला गेले होते, तेवढं मात्र बोलले नाही.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मजकुरातली एक तारीख चुकली होती, ती पेन्सिलने दुरुस्त केली.

"व्हर्लिनकडे मी एकदाच पाहिलं," ते म्हणाले. "तेव्हाच कळलं, हा काही बोलत नाही. उरलेला सगळा वेळ मी तुझ्याकडे बघत होतो, शरयू."