भिंतीसाठी पांढरी शेवंती

देगू शहरातल्या मोठ्या इस्पितळामागच्या गल्लीत प्यो बोंग-जा मावशीचं पुष्पचक्रांचं दुकान आहे. चक्रं माणसापेक्षा उंच, तीन मजली. लग्नाला आणि उद्घाटनाला गुलाबी, मयताला पांढऱ्या शेवंतीची. दोन्ही बाजूंना फिती सोडलेल्या. एकीवर शब्द, दुसरीवर पाठवणाऱ्याचं नाव. फिती मी लिहिते. दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहायला आले तेव्हा मावशीनं विचारलं होतं, "शिकतेस काय?"

"साहित्य."

"मग आता काहीतरी उपयोगाचं लिही," म्हणत तिनं माझ्या हातात ब्रश दिला.

गल्ली पाडून मनोरे बांधायचं ठरलं तसे एकेक दुकानदार निघून गेले. मावशी राहिली. मग एका सकाळी दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर तीच उगवली. आहे त्याच्या दुप्पट मोठी, दातांत तारेचा तुकडा, आणि हातातलं मयताचं चक्र बुलडोझरच्या गळ्यात घालणारी. खाली 'शेवाळ' एवढीच सही. या शेवाळला कुणीच पाहिलेलं नाही. तो रातोरात कुठल्याही भिंतीवर येतो आणि साहेबलोकांची झोप उडवून जातो.

"नाक केवढं काढलंय मेल्यानं!" मावशी म्हणाली. पण रोज सकाळी भिंतीवरची धूळ झटकायला लागली. लोक चित्र बघायला येऊ लागले, फोटो काढू लागले. एवढ्या लोकांदेखत दुकानाला हात लावायची बिल्डरची हिंमत होईना. भिंत होती तोवर दुकानाला भीती नव्हती.

म्हणून त्यांनी भिंतच नेली. मावशी फुलबाजारात गेलेली असताना यंत्रानं कापून, लोखंडी चौकटीत बसवून. "जतन करायला नेली," असं वर सांगितलं. भगदाडावर आम्ही ताडपत्री बांधली. शहरातल्या जुन्या गिरणीत शेवाळच्या अशाच कापून आणलेल्या भिंतींचं प्रदर्शन भरणार होतं, आणि खर्च बिल्डरचा. प्रदर्शन उघडलं की दुकान पाडायचं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मावशीनं पांढरी शेवंती भिजत घातली.

"मावशी, उद्घाटनाला मयताचं चक्र? चुकून गेलं असं म्हटलं तरी लोक आपल्याला पुन्हा दारात उभं करणार नाहीत."

"चुकून कोण पाठवतंय? लिही. 'दिवंगत भिंतीस श्रद्धांजली.'"

"आणि दुसऱ्या फितीवर?"

"दुकानाचं नाव. पत्तासुद्धा घाल. अजून आहे म्हणावं."

गिरणीच्या दारात बँकांची, कंपन्यांची गुलाबी चक्रं ओळीनं उभी होती. मावशीनं त्यातली दोन बाजूला सरकवून आपलं पांढरं मधोमध उभं केलं. आत शिरणारी माणसं थबकून वाकू लागली. फीत वाचायचं कुणाला सुचतंय? पांढरी शेवंती दिसली की आमच्याकडे मान आपोआप खाली जाते.

"शेवाळ गेला?"

"अरेरे. तरुण होता म्हणे."

"तुम्ही पाहिला होतात?"

"छे! पण वाईट वाटतं हो."

एक बाई पर्समधून मयताच्या घरी द्यायच्या पैशांचं पांढरं पाकीट काढून विचारू लागली, "हे कुणाकडे द्यायचं?"

तेवढ्यात बिल्डर कंपनीचे संचालक फोटोग्राफरांसह आले. सगळे वाकलेत हे पाहून तेही कमरेतून वाकले, अगदी खोल. सरळ होताना त्यांनी फीत वाचली. तोवर फोटो निघून गेले होते.

प्रदर्शनाचे व्यवस्थापक कू धावत आले. "मावशी, हे आधी उचला."

"तुम्हीच उचला की."

त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "उद्घाटनाच्या दिवशी मयताची फुलं हातात घेऊ? मला लहान मुलं आहेत हो."

"मग माझी भिंत गाडीत चढवा. चक्र मी नेते."

"भिंत आता प्रदर्शनाची आहे."

"असं? बघू तर खरं, कशी ठेवलीये."

ती आत गेली. भिंतीवर दिवे सोडले होते, समोर दोर ताणला होता. वरच्या कोपऱ्यातला आमच्या छपराचा पत्रा तसाच होता. मावशीनं स्कर्ट आवरला आणि दोर ओलांडला. रखवालदार ओरडत आला, पण बघणाऱ्यांची नजर एव्हाना चित्रावरून तिच्यावर आणि तिच्यावरून चित्रावर जात होती.

"अगं, हीच ती!"

"मावशी, जरा इकडे बघा ना!"

"आजी, बुलडोझर कुठाय?"

"वाटेत आहे, यायचाय अजून," मावशी म्हणाली. लोक हसले. फोन वर झाले. रखवालदारानं कू साहेबांकडे पाहिलं, कू साहेबांनी संचालकांकडे, आणि संचालक फोटोग्राफरांकडे बघत राहिले. कुणीच हललं नाही.

मावशी भिंतीला पाठ टेकवून जमिनीवर बसली, पाय लांब केले.

"पोरी, गाडीतून शेवंती आण. तार आणि पक्कडही. संध्याकाळी इस्पितळातल्या मयताच्या दालनात चक्र पोचवायचंय."

"इथे बसून करणार? मावशी, हे लोक तुला उचलून बाहेर काढतील."

"काढू देत," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "भिंतीसकट काढा म्हणावं."

मी फुलं आणायला निघाले. माझ्या मागोमाग ती पाकीटवाली बाईही बाहेर आली आणि गाडीपाशी येऊन म्हणाली, "द्या, अर्धी मी घेते."