उभं इंजिन

पेणहून समुद्राकडे जाणारा मालगाडीचा फाटा इंदूबाईंच्या पडवीसमोरूनच जातो. गाडी आली की वॅगनी रिकाम्या होईपर्यंत डिझेलचं इंजिन तासन् तास घरघरत उभं राहतं. नव्या माणसाचं डोकं उठावं असा तो आवाज. चौलच्या वाडीतून लग्न होऊन आल्या तेव्हा इंदूबाईसुद्धा कावल्या होत्या. पण त्यांचे रत्नपाल तेच इंजिन चालवत, आणि गाडी उभी राहिली की सहायकाला वर बसवून चहाला घरी येत. घरघर चालू आहे तोवर आपला माणूस पडवीत आहे, ही बाईंची खूण. रत्नपालांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी ती खूण काही पुसली नाही.

मग मैत्री नावाची कॉलेजातली मुलगी हवेतला धूर मोजायचं यंत्र घेऊन पडवीत आली. उभं इंजिन चालू ठेवलं तर जास्त धूर होतो, की बंद करून पुन्हा सुरू केलं तर, हे तिला बघायचं होतं. चालू ठेवणं वाईट ठरलं तर यापुढे गाडी थांबताच इंजिन बंद, असं ती सहज बोलून गेली. इंदूबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पहिल्या दिवशी इंजिन चालू ठेवलं. संध्याकाळी यंत्रातली हवा गाळणारी गोल पांढरी कागदी चकती काळीकुट्ट निघाली. ती उघड्या डबीत ठेवून मैत्री ड्रायव्हरला वेळा विचारायला गेली. इंदूबाईंना काळं फडकं दिसलं, त्यांनी ते मोरीत नेऊन साबण लावला. रत्नपालांचा रुमाल त्या रोज असाच धूत. चकतीचा पार लगदा झाला.

मैत्रीनं परत येऊन तो लगदा पाहिला. मुद्दाम केलंत का, असं तिनं विचारलं नाही, पण चेहऱ्यावर तेच होतं. पडवी आणखी एक दिवस मिळाली नाही तर मोजणी अर्धवट राहील आणि इंजिन आहे तसंच चालू राहील, एवढंच म्हणाली. इंदूबाईंना दुसरं काय हवं होतं? नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण मोरीत काळं पाणी अजून वाहत होतं.

"ही एका दिसाची काजली?"

मैत्रीनं होकारार्थी मान हलवली.

"आन् ह्यांनी तीस वर्सं छातीत भरली. लाव पोरी, उद्या परत लाव. मी हात लावनार न्हाय."

दुसऱ्या दिवशीची चकती नीट डबीत बंद झाली. तिसऱ्या दिवशी बंद इंजिनाच्या मोजणीची पाळी होती; गाडी येऊन थांबली आणि ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. फाट्यापलीकडचे कावळे ऐकू येऊ लागले. इंदूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"गेले गो हे," त्या म्हणाल्या, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या.