राष्ट्रपतींना लिहिलेली चार पानं

गोटीराम दोंदे यांचं दिल्लीशी वैर होतं. दिल्लीला त्याची खबर नव्हती, हा भाग वेगळा. नाशिकच्या एका दैनिकात बावीस वर्षं दर रविवारी त्यांचं ‘सही-शिक्का’ हे सदर येतंय. त्यात ते देशाच्या राजकारणावर असं तोंडसुख घेतात, की उपनगरातल्या त्यांच्या कॉलनीत चहाच्या टपरीवर आधी ते वाचलं जातं आणि मग क्रिकेटचं पान. सत्ताधाऱ्यांना ते सोडत नाहीत. विरोधकांना तर अजिबातच नाहीत, कारण त्यांच्या मते ही मंडळी सभात्याग करतात ते कँटीनमध्ये गर्दी व्हायच्या आत जागा धरायला. आणि दिल्लीतले पत्रकार? त्यांचं नाव काढलं तरी गोटीरामभाऊंचा चहा कडू होतो. स्वतः ते दिल्लीला आयुष्यात दोनदा गेले, त्यातही एकदा मेव्हण्याच्या लग्नाला.

पण त्यांचा ठेवणीतला राग राष्ट्रपतिपदावर. माणसावर नाही, पदावर, असं ते बजावून सांगत. राष्ट्रपती कोण व्हायचं ते बंद खोलीत पाच-सहा पुढारी ठरवणार आणि मग आमदार-खासदार मतदानाचा सोहळा करणार. निवडून आलेल्या माणसाला तीनशे चाळीस खोल्यांचं घर, घोड्यांची बग्गी आणि सलामी. त्या बदल्यात काम काय, तर वर्षातून एकदा सरकारनं लिहिलेलं भाषण ‘माझे सरकार’ म्हणत वाचून दाखवायचं, आणि बाकी वर्षभर सरकारनं पाठवलेल्या कागदांवर सह्या करायच्या. चाळीसेक वर्षांपूर्वी एका राष्ट्रपतींनी टपालाचं एक विधेयक सही न करता नुसतं ठेवून दिलं होतं. गोटीरामभाऊ ती गोष्ट दरवर्षी एकदा तरी लिहीत. वाचकांना ती पाठ झाली होती.

हा राग कुठून आला, ते घरच्यांना ठाऊक होतं. वडील नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये कामगार. घरात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर आणि संविधानाची एक जाड प्रत. रविवारी वडील त्यातलं एक पान मोठ्यानं वाचत आणि पोरांनी मांडी घालून ऐकायचं. त्या पुस्तकातली सगळ्यांत वरची खुर्ची आता शोभेची झाली, याचं गोटीरामभाऊंना मनापासून दुःख होतं. दुःख बोलून दाखवायची सवय नसल्यानं ते चिडत.

गेल्या जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी ते असेच चिडून लिहीत बसले होते. संसदेत नुकतंच ते वार्षिक भाषण झालं होतं, सदर चार वाजता पाठवायचं होतं, आणि नेमकी दीड वाजता त्यांची चुलत बहीण लंकाबाई चांदवडच्या बसनं येऊन दाखल झाली. चांदवडच्या अलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत ती पोरांची खिचडी शिजवते. चौदा वर्षं झाली. नवरा नाही, मुलगी लग्न होऊन गेली, तेव्हा ते तुटपुंजं मानधन आणि दुपारचं जेवण हाच तिचा आधार. ती पाणी प्यायली आणि सांगायला लागली. तांदूळ, गोण्या, मुख्याध्यापक, गाडीवाला, असं बरंच काही अर्धा तास सांगत होती. गोटीरामभाऊ मान हलवत होते आणि बोटं लॅपटॉपवर चालूच होती. शेवटी ती म्हणाली, लोक म्हणतात राष्ट्रपतीला पत्र लिहिता येतं, तर तू लिहून दे.

गोटीरामभाऊ हसले. मग त्यांना वाटलं, एवढ्या लांबून आलीय तर रिकाम्या हातानं कशाला पाठवा. शिवाय डोकं तापलेलंच होतं. वीस मिनिटांत चार पानं झाली. प्रजासत्ताक कसं पोखरलं गेलं इथून सुरुवात, मग ‘लेकरांच्या ताटातला घास पळवणारी चोरांची टोळी’, मग मुख्याध्यापकाचं नाव, पुरवठादाराचं नाव, तालुक्याच्या साहेबाचं नाव. हे पत्र कोणी वाचणारच नाही याची त्यांना इतकी खात्री होती, की नावं घालताना हात जराही अडखळला नाही. लंकाबाई सातवी शिकलेली, पण चष्मा घरी राहिलेला. वाचून दाखव म्हणाली. तुझंच तर म्हणणं आहे, त्यात वाचायचं काय, असं म्हणून त्यांनी पेन तिच्या हातात दिलं. तिनं सही केली. त्यांनी पत्र स्पीड पोस्टानं धाडलं आणि विसरून गेले.

पत्र मात्र विसरलं नाही. ते दिल्लीला पोचलं. तिथून ‘पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी’ मुंबईला आलं, मुंबईहून त्याच ओळीसह नाशिकला, नाशिकहून तालुक्याला. प्रत्येक मुक्कामी एक शिक्का पडला, चार पानं कोणी उलटली नाहीत. जूनमध्ये शाळा उघडल्यावर ते मुख्याध्यापक सुनील सरांच्या टेबलावर आलं. आपल्या स्तरावर चौकशी करून अहवाल द्यावा, असा वरून आदेश. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यानंच स्वतःची चौकशी करायची. सरांनी पत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचलं. इतक्या मुक्कामांनंतर त्याला मिळालेला हा पहिला वाचक. मग त्यांनी लंकाबाईला बोलावून पत्राची झेरॉक्स तिच्यापुढे टाकली, उद्यापासून येऊ नको म्हणाले, शनिवारी शाळा समिती काय तो निकाल देईल. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी दुसरी बाई उभी होती.

लंकाबाई ती झेरॉक्स घेऊन नाशिकला आली. या वेळी चष्मा होता. तिनं आरडाओरडा केला असता तर गोटीरामभाऊंना सोपं गेलं असतं.

“दादा, हे पत्र असं फिरून त्याच माणसाकडं येतं, हे तुला ठाऊक होतं का?”

ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी याच चकरेवर एक अख्खं सदर लिहिलं होतं. टपरीवर आठवडाभर लोक हसत होते. आता त्यांच्या तोंडून गावाकडची भाषा आली.

“मला वाटलं, कोणी वाचणारच नाय.”

“मग माझी सही कशाला घेतली?” लंकाबाई म्हणाली.

गोटीरामभाऊ म्हणाले, येत्या रविवारी त्या मास्तराला सोलून काढतो. तिनं हात जोडले. आता लिहू नकोस म्हणाली. चोर, टोळी, असलं मी कुणाला म्हणालेच नाय, ते तू म्हणालास, तेव्हा शनिवारी समितीपुढं ये आणि तसं सांग.

मागणी एवढीशी होती आणि गोटीरामभाऊंना ती जड जात होती. बावीस वर्षं ज्या खुर्चीची टर उडवली, तिलाच त्यांनी पत्र लिहिलं आणि तेही बहिणीच्या नावाआड लपून, हे चारचौघांत कबूल करायचं होतं. शुक्रवारी रात्रभर त्यांनी कारणं शोधली. शनिवारी सकाळी पहिल्या बसनं गेले.

शाळेच्या वर्गात समितीची पंधरा-वीस माणसं सतरंजीवर बसली होती. अध्यक्ष होती चैताली, तिसरीतल्या एका मुलीची आई. सुनील सर सचिव. त्यांनी गोटीरामभाऊंना खुर्ची दिली, आम्ही तुमचे रविवारचे वाचक आहोत म्हणाले, आणि मग पत्रातला ‘चोरांची टोळी’ हा भाग मोठ्यानं वाचून दाखवला. माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीवर हा डाग आहे, असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखर कापला. माणसं लंकाबाईकडं बघायला लागली.

गोटीरामभाऊ उभे राहिले. एकच वाक्य बोलायचं ठरवून आले होते. पण समोर श्रोते दिसले आणि जिभेला जुनी वाट सापडली. संविधान, केंद्र, अधिकारांचं केंद्रीकरण, सहीपुरती उरलेली पदं. दहा मिनिटं झाली. मागं एक जण मोबाइल बघत होता. चैतालीनं दोनदा घड्याळाकडं पाहिलं. अजून ते दिल्लीतच होते, गावात आले नव्हते.

“दादा, तू बस,” लंकाबाई म्हणाली. “मी बोलते.”

ते बसले. ती उभी राहिली आणि पदर खोचला.

“गोणीवर पन्नास किलो लिहिलेलं हाय. शिजवायला घेतलं की तांदूळ महिना पुरत नाय. पोरं शेवटी शेवटी दुसऱ्यांदा मागतात अन् मी पातेलं दाखवते. तांदूळ सर नेतात, का गाडीवाला, का उंदीर, मला ठाऊक नाय. मला काटा पाहिजे. गोणी उतरली की माझ्यासमोर मोजा. हेच सांगायला मी दादाकडं गेले होते.”

अर्धं मिनिटही लागलं नाही. गोटीरामभाऊंनी सरांच्या हातातली झेरॉक्स मागून घेतली आणि चारही पानांवरून नजर फिरवली. प्रजासत्ताक सहा वेळा होतं. काटा एकदाही नव्हता. अर्धा तास ती त्यांच्या समोर बसून हे सांगत होती. त्यांना स्वतःची इतकी चीड आली, की ती ठेवायला सदरात जागा पुरली नसती.

शाळेशेजारी कांदा साठवायची चाळ होती. दोन बापे उठून तिथला वजनकाटा घेऊन आले. कोठीतली एक न उसवलेली गोणी चढवली. त्रेचाळीस किलो भरली. दुसरी चढवली, ती बेचाळीस. सर म्हणाले, गोण्या अशाच येतात, मी मोजत नाही, नुसती पावतीवर सही करतो. कदाचित ते खरंही असेल. पण चोर हा शब्द तरी मागं घ्यायला हवा, असं त्यांचं म्हणणं.

गोटीरामभाऊ पुन्हा उभे राहिले. “तो शब्द माझा आहे. सगळं पत्रच माझं आहे. हिला मी ते वाचूनसुद्धा दाखवलं नव्हतं. माफी मी मागतो, सरांची आणि हिचीही.”

मागं कोणी तरी हसलं. चैतालीनं त्याच्याकडं एकदा पाहिलं, मग सरांना सांगितलं की इथून पुढं गोणी मोजूनच घ्यायची आणि कमी भरली तर पावतीवर तसं लिहायचं. लंकाबाईला म्हणाली, मावशी, सोमवारी या.

लंकाबाई त्यांना फाट्यापर्यंत सोडायला आली. बस यायला वेळ होता. गोण्यांच्या वजनावर सदर लिहायला पाहिजे, इतर शाळांतही हेच असणार, असं गोटीरामभाऊंच्या मनात घोळत होतं. शेवटी त्यांनी विचारलं, या वेळी तिचं नाव टाकू का.

“टाक,” ती म्हणाली. “पण आधी मला वाचून दाखव.”