कारखान्याचं घड्याळ

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी एका हंगामात सांगलीहून कराडकडच्या साखर कारखान्यावर कॉम्प्युटरच्या कामासाठी एसटीने जाऊन जाऊन माझं अंग आंबून गेलं होतं. वजनकाट्यावर उसाच्या पावत्या निघायला उशीर व्हायचा. बाहेर बैलगाड्यांची रांग लागायची आणि शिव्या खायची ती तिथली ऑपरेटर बाई. जोडीचा ऑपरेटर कायम होता, ही हंगामी. यंदा आपण कायम होऊ, अशी तिला आस होती. पण साहेब म्हणत, "तिचाच हात चालत नाही."

मला संशय पावत्यांचा हिशेब ठेवणाऱ्या सर्व्हरचा. त्याच्यावर किती ताण पडतोय ते सारखं टिपून शेजारच्या पीसीकडे पाठवणारी स्क्रिप्ट मी बसवली. अहवाल रोज कोरा! परवानग्या तपासल्या, डिस्क तपासली, स्क्रिप्ट वैतागून पुन्हा लिहिली. कोराच. मळीच्या वासाने डोकं उठायचं, त्यात साहेब दारातून विचारायचे, "सापडलं का काही?" उत्तर द्यायचाही कंटाळा यायचा.

एके दिवशी बाराचा भोंगा झाला तेव्हा मी सर्व्हरच्या स्क्रीनपुढेच होतो. तिथे आठ वाजले होते.

"घड्याळ कुणी मागं केलं?"

"आमीच की," बाई म्हणाली. "सायबांनीच सांगितलंय. कारखान्याचा दिवस पहाटं चारला सुरू हुतो न्हवं? न्हाईतर रातपाळीच्या पावत्यांवर दोन तारखा पडत्यात, आन् दिवसाचं गाळप जुळत न्हाई."

मी कपाळावर हात मारला. पीसीचं घड्याळ बरोबर होतं, त्यामुळे तो आलेली प्रत्येक नोंद चार तास शिळी म्हणून फेकून देत होता. साहेब सर्व्हरच्या घड्याळाला हात लावू देईनात, म्हणून स्क्रिप्टलाच चार तास मिळवायला लावले. नोंदी येऊ लागल्या. मेमरी अपुरी पडत होती, बाईचा काही दोष नव्हता. मी तसं सांगितलं, साहेबांनी निमूट मान्य केलं. मेमरी वाढवल्यावर पावत्या फटाफट निघू लागल्या. मला केवढं हायसं वाटलं!

पुढच्या हंगामात गेलो, तर काट्यावर एकटा कायम ऑपरेटर. मशीन जोरात चालतंय, मग दोन माणसं कशाला, असं साहेबांचं म्हणणं. बाईला बोलावणंच गेलं नव्हतं.

परतताना ती कराडच्या स्टँडवर दिसली. मी तोंड चुकवायला बघत होतो, पण तीच जवळ आली.

"आवं, माझा दोष न्हाई म्हणून तुमी सायबांपुढं सांगितलंसा," ती म्हणाली, "लय बरं वाटलं बगा."

मला तिच्याकडे बघवेना.