तिचा अर्ज मी तपासला

परभणीच्या आमच्या कॉलेजात दुपारी चार ते पाच मी लेखनकक्ष चालवते. नाव मोठं, खोली प्रयोगशाळेमागची, पंखा कायम बंद. पहिल्या वर्षाची पोरं कच्चं लिहून आणतात, मी शेजारी बसवून तपासते. लिहिता यायला लागलं की पोरं कॉलेजात टिकतात, असं मी मीटिंगमध्ये लय ठासून सांगायचे.

पाथरीकडची एक पोरगी यायची. पहिले काही दिवस दारातच उभी. "अगं, आत ये, मी काय खाते का तुला?" म्हणून ओरडले तेव्हा आत आली. मग मात्र एक दिवस चुकवला नाही. घरचे सगळे ऊसतोडीला जाणारे. कॉलेजचं तोंड पाहिलेली ती पहिलीच. उसाच्या फडावरच्या चुलीबद्दल तिनं दोन पानं लिहिली, ती मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवली. फार जीव लागला होता माझा तिच्यावर.

दसऱ्यानंतर तिनं अर्ज आणला. विषय, कॉलेज सोडल्याचा दाखला मिळणेबाबत. अर्जलेखन घेतलं की निम्मी पोरं हाच विषय उचलतात, पुस्तकात नमुना असतो ना! मला वाटलं, सराव. त्यात बाहेर दहा-बारा जण थांबलेले, माझं डोकं उठलेलं. कारण म्हणून तिनं सहा ओळी लिहिल्या होत्या. "अर्जात एवढं रामायण कशाला गं?" म्हणत मी त्यांवर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'घरगुती अडचणीमुळे'.

तिनं त्या रेघेवर बोट ठेवलं. "मॅडम, असा दिला तर मंजूर होईल?"

"का नाही होणार? कुणी खोट काढून दाखवावी!"

तेव्हा तरी मी मान वर करून तिच्याकडे बघायला हवं होतं.

चार दिवस दिसली नाही म्हणून ऑफिसात विचारलं. क्लार्क म्हणाले, "ती दाखला घेऊन गेली की. अर्ज बाकी झकास होता मॅडम, प्राचार्य सरांनी लगेच सही केली."

कच्चे कागद आम्ही फायलीत ठेवतो. खोडलेल्या ओळी मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचल्या. ऊस जोडीनं तोडतात. वहिनी बाळंत झाली, म्हणून भावाच्या जोडीला हिला जावं लागत होतं. शेवटची ओळ अशी: 'माझं मन न्हाई. मॅडमनी घरी येऊन सांगितलं तर दादा ऐकेल.'

तिथंच बसून रडले. दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरून तिच्या गावी गेले. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "ऊसतोडीची टोळी परवाच गेली की, बाई."