घटाची कोरडी माती

मी भाविक आहे की नुसतीच हट्टी, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. आई गेल्यानंतरच्या पहिल्याच नवरात्रात मी घरी एकटीने घट बसवले. त्यात देवीची ओढ किती होती आणि ‘हिला एकटीला जमायचं नाही’ म्हणणाऱ्यांना दाखवून द्यायची खुमखुमी किती होती, देव जाणे. नागपूरहून धाकट्या भावाचा फोन आला, “ताई, कावून एवढा तरास घेऊन राहिली तू? आई होती तवाची गोष्ट येगळी होती.” झालं. तेवढं निमित्त मला पुरलं. दुसऱ्याच दिवशी मी काळी माती मागवली.

आमचं घर भिलाईजवळ चरोद्याला, रेल्वे यार्डाच्या पलीकडच्या गल्लीत आहे. वडील रेल्वेत होते, नागपूरकडून इकडे आले आणि इथलेच झाले. येताना कुलदेवी माहूरची रेणुका आणि तिच्या घटाचे नियम तेवढे घेऊन आले. घट बसले की नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नाही, घराला कुलूप लावायचं नाही, आणि मुख्य म्हणजे घर सुनं ठेवायचं नाही. दिव्यापाशी घरातलं कुणीतरी हवंच. आम्ही चौघं होतो तेव्हा हे सहज निभत होतं. मग आई आणि मी दोघी उरलो, तरी एक बाहेर गेली की दुसरी बसायची. आता मी एकटी होते. नऊ दिवस उंबरा ओलांडायचा नाही एवढंच तर करायचं होतं, आणि माझ्यासारखीला त्यात नवल ते काय?

मला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. डाव्या पायाला आधाराचा लोखंडी कॅलिपर, दोन्ही काखांत कुबड्या. घरात मात्र मी चाकांच्या पाटावर बसून फिरते. गॅस, देव, पाण्याची टाकी, सगळं बसल्या हाताला येईल असं मांडलेलं आहे. साड्यांना फॉल-पिको करून मी पोट भरते. मशीनचं पायडल पाटावर ठेवून ते कोपराने दाबते. कुणी ‘अरेरे’ म्हणालं की माझं डोकं फिरतं. पोलिओत पायाची ताकद जाते, जाणीव जात नाही, हे लोकांना माहीत नसतं. त्याला माहीत होतं. तो रोज रात्री माझ्या त्या वाळक्या पावलावर अंग टाकून झोपायचा, आणि त्याचा सगळा उबदार भार मला कळायचा.

तो म्हणजे आमचा बोका, ठाणेदार. मिशांवरून आईने ठेवलेलं नाव. आई शेवटची अंथरुणाला खिळली होती त्या दिवसांत तो खिडकीतून आला आणि राहिला. आई गेल्यावर या घरात माझ्याशिवाय श्वास घेणारा तेवढाच एक जीव होता. हे सांगताना मला लाज वाटत नाही.

तिसऱ्या माळेपासून तो विचित्र वागायला लागला. देवघराच्या उंबऱ्यावर बसायचा आणि घटामागच्या मोकळ्या भिंतीकडे टक लावून पाहायचा. त्याची नजर खालून हळूहळू वर चढत जायची, जमिनीवर बसलेलं कुणीतरी उठून उभं राहावं तशी. भरदुपारी, यार्डात डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज येत असताना, माझ्या अंगावर काटा यायचा. पाल असेल, असं मी मोठ्याने म्हणायचे. पाल कधी दिसली नाही.

सहाव्या माळेच्या दुपारी मी मशीनवर होते. देवघरात खुडबुड ऐकू आली. पाट ढकलत गेले तर ठाणेदार घटाच्या मातीत! गव्हाचे वीतभर पिवळे अंकुर आडवे करून तो त्यात दबून बसला होता, शेपटी ताठ, डोळे भिंतीवर. मी एवढ्या जोरात ओरडले की माझाच आवाज मला ओळखू आला नाही. तो पळाला नाही, तसाच बसून राहिला. मी त्याला मानेला धरून उचललं, मागच्या खोलीत कोंडलं आणि कडी लावली. मग घटाची माती चाचपली. त्याने मुतून ती विटाळली असती तर सगळं गेलं होतं. सकाळी शिंपडलेलं पाणी केव्हाच जिरलं होतं, वरची माती कोरडी होती. ठणठणीत कोरडी. मी हात जोडले आणि म्हणाले, आई, वाचवलंस.

त्या कोरड्या मातीचा अर्थ मला कळला नाही. ज्या मातीसाठी मी देवीचे आभार मानत होते, तिचं कोरडं असणं हाच तर त्याचा आजार होता. बिचाऱ्याला लघवी होत नव्हती. माझ्या सोवळ्याच्या नादात मी त्याला एक अख्खा दिवस कोंडून ठेवला.

सातव्या माळेला दुपारी, ताजी माळ ओवत असताना, मागच्या खोलीतून आवाज आला. मांजराचा वाटेना तो. लहान पोर तोंड दाबून रडावं तसा. कडी काढली. ठाणेदार कोपऱ्यात आडवा, पोट दगडासारखं घट्ट, हात लावला की किंचाळणारा. भिलाईच्या पॉवर हाउस भागात जनावरांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, “पेशाब कब से नहीं किया?” मी म्हणाले, “कल से. शायद परसों से.” मग म्हणाल्या, “अभी लाइए. शाम तक मत रुकिए, नहीं बचेगा.” नळी घालावी लागणार होती आणि ती घरी येऊन घालता येणार नव्हती.

आता दिव्यापाशी कोण बसणार? गल्लीतली बहुतेक घरं सप्तमी म्हणून सकाळच्या गाडीने डोंगरगडला देवीच्या दर्शनाला गेली होती. शेजारची, आमच्यासारखीच नागपूरकडची निशा, जिला मी हक्काने हाक मारली असती, तीही गेली होती. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. मी घटासमोर पाट आणून बसले, बोका मांडीवर. वारा नव्हता, पंखा बंद होता, तरी दिव्याची ज्योत दाराच्या दिशेने कलली होती आणि तशीच राहिली होती. मी ती बराच वेळ पाहिली. मांडीवरचा जीव ओरडायचा थांबला होता, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. अर्धशतकाचा नेम एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला हा चार किलोंचा जीव. आणि मला रडू आलं. रागाचं रडू. मी देवीला चक्क म्हणाले, “तुझी राखण करायला मीच उरले का गं? एका पायाची? मी चालले. विझायचं तर विझ.”

दिव्यात तेल घातलं. आईच्या जुन्या लुगड्याची झोळी गळ्यात बांधून ठाणेदारला छातीशी घेतलं, म्हणजे कुबड्यांना हात मोकळे राहतात. नेहमीच्या ऑटोवाल्या संतोषभैयाला बोलावलं. दार नुसतं ओढून घेतलं. उताराच्या फळीवरून खाली आले तर आमच्या पायरीवर एक म्हातारी बसलेली होती.

ती कधी आली, मी पाहिलं नाही. हिरवं, धुऊन विटलेलं लुगडं, पाठीला एवढा बाक की हनुवटी गुडघ्याला टेकलेली. या गल्लीतला प्रत्येक चेहरा मला माहीत आहे, ती मी कधी पाहिलेली नव्हती. मी काही बोलायच्या आधीच, झोळीकडे पाहत, ती छत्तीसगढीत म्हणाली, “जा नोनी, मैं बइठे हंव.” जा पोरी, मी बसले आहे. त्रेपन्न वर्षांच्या बाईला कुणी नोनी म्हणत नाही. आवाजही तिच्या तोंडून न येता माझ्या पाठीमागून, दाराच्या आतून आल्यासारखा वाटला. एरवी मी दहा प्रश्न विचारले असते. त्या वेळी नुसती मान हलवली आणि ऑटोत चढले. वळणावरून मागे पाहिलं. पायरी रिकामी होती. मी ओढून घेतलेलं दार वीतभर उघडं होतं.

“दीदी, घर में कौन है?” संतोषभैयाने विचारलं. त्याला कुलूप नसलेलं दिसलं होतं. मी म्हणाले, “कोई है.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नळी घातली. रक्तमिश्रित लघवी निघाली, बशीभर, मग वाटीभर. त्या म्हणाल्या, अजून तासभर उशीर झाला असता तर काही हाती लागलं नसतं. सलाईन चढेपर्यंत मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून खाली फरशीवरच बसले. खुर्ची देत होते, पण खुर्चीवरून माझा हात त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. त्या साडेतीन तासांत दिवा विझला असेल की नाही, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. इतक्या वर्षांत नवरात्रातली माझी तीच पहिली निर्धास्त दुपार होती, आणि मी ती मांजराच्या दवाखान्यात काढली.

परत आले तेव्हा उन्हं कलली होती. पायरीवर कुणी नव्हतं. दार मी ठेवलं होतं तसं ओढलेलं. आत पाऊल टाकायची मला भीती वाटली, खरंच सांगते. संतोषभैयाही दारातच थांबला. दिवा जळत होता. ज्योत सरळ होती, वातीवरची काजळी कुणीतरी झाडलेली होती. तेल काठोकाठ. शेजारची तेलाची बाटली दोन बोटं उतरलेली, म्हणजे हाताने ओतलेलंच होतं. आडवे झालेले अंकुर उभे करून त्यांना सुताने सैल आधार दिला होता. आणि सातवी माळ, जी मी अर्धवट ओवून ताटात टाकून गेले होते, ती पुरी होऊन घटावर लोंबत होती. खिडकीच्या गजाला नव्हे. तिथे मी माझ्या हाताला येईल अशा आधीच्या सहा बांधल्या होत्या. ही छताच्या आकड्याला होती. तो आकडा वडिलांनी ठोकलेला. ते गेल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

संतोषभैयाने वर पाहिलं, चपला काढल्या आणि उंबऱ्यावर डोकं टेकवलं.

मी शेजारीपाजारी पुष्कळ विचारलं. अशी म्हातारी कुणाच्या पाहण्यात नाही. नवरात्रात जोगवा मागायला बाहेरगावच्या बाया येतात, त्यांतली एखादी असेल, असं सगळे म्हणाले. असेलही. मी वाद घालत नाही. कुणी का असेना, माझं घर तिने सुनं राहू दिलं नाही.

नळी तीन दिवस ठेवावी लागली. औषध पाजताना त्याला कॅलिपर आणि भिंत यांच्यामध्ये दाबून धरायचं, एका हाताने जबडा उघडायचा, दुसऱ्याने पिचकारी. तो मला ओरबाडायचा, मी त्याला शिव्या द्यायचे. तेवढ्यात दिव्याला तेल, घटाला पाणी. मात्र आता मी त्याला देवघरातच माझ्याजवळ निजवत होते. भिंतीकडे तो पुन्हा कधी तसा पाहत बसला नाही. दसऱ्याला सकाळी, नऊ दिवसांचा नेम पुरा झाल्यावर, डॉक्टरीणबाईंकडे नेऊन नळी काढून आणली. दुपारी तो माझ्या मांडीवर, नव्या साडीवर, सणसणीत मुतला. मी ओल्या साडीतच घटासमोर बसून हसत होते आणि रडत होते.

संध्याकाळी घट हलवायला निशा आली. कुणाकडून काम करवून घेणं मला कधी जमलं नाही, पण त्या दिवशी मी आपण होऊन म्हणाले, “निशा, ती माळ तेवढी काढून दे गं.” तिने स्टूल घेतलं, चढली, टाचा उंचावल्या. हातभर कमी पडलं. स्टुलावर पाट ठेवून पाहिला, तरीही नाही.

“ताई, माहा हात नाही पुरून राहिला वो,” ती खाली उतरून म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. “कोनं लावली हो ही एवढ्या वर?”

मी खरं तेच सांगितलं. म्हणाले, “मी घरी नव्हते.”

आई रेणुके, त्या दिवशी मी तुला टाकून गेले आणि तू घर सांभाळलंस. एवढ्या वर्षांत मी एकदाच तुझा हात सोडला होता गं.